प्रत काढण्याचा हक्क



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारावरील सभांत पुष्कळ झाले. तेव्हा इतिहासावर बोलताना आम्ही राजेरजवाड्यांकडे न वळता युनियनच्या कचेरीतील पत्र्याच्या कपाटाकडे वळलो, याचे कोणी नवल करू नये. त्या कपाटात २००५ सालच्या आमच्या कामगार मेळाव्याची एक डीव्हीडी होती. एका सभासदाने आपल्या कॅमेऱ्याने मेळावा टिपला आणि संगणकावर तबकडी राइट करून दिली. मूळ फितीवर पुढे त्याच्या भाचीचे बारसे चढले. गेल्या वर्षी एका दिवंगत सहकाऱ्याची मुलगी आली आणि वडिलांचे भाषण पाहायला मागू लागली. तबकडी यंत्रात घातली, ती नुसती घरघरली. आम्ही ती जपली नव्हती असे नाही. आम्ही तिची दुसरी प्रत काढली नव्हती.

ही चूक फार जुनी आहे. १९२३ साली कोडॅक कंपनीने हौशी माणसासाठी १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली, आणि १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, तिच्याहून स्वस्त अशी ८ मिलिमीटरची. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टी धुऊन तीच पडद्यावर दाखवायची, अशी त्या फिल्मची रीत होती. निगेटिव्ह मागे उरत नसे. म्हणजे घरातले लग्न एकाच पट्टीवर असे, आणि दर खेळाला तिच्यावर नवे ओरखडे उठत. १९७५ साली सोनीची बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसीची व्हीएचएस आली, तेव्हा दोन यंत्रे वायरीने जोडून प्रत काढणे सोपे झाले. परंतु प्रतीची प्रत काढत गेले की चित्र ताकात पाणी घालावे तसे पातळ होत जाई.

तेवढ्यानेही चित्रपटकंपन्या बिथरल्या. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ साली सोनीवर दावा लावला. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी उतरवून घेणे हा गुन्हा नव्हे. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर घरातले यंत्रच गुन्ह्याचे हत्यार ठरले असते.

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानात डीव्हीडी विक्रीला आली आणि डाव पालटला. तबकडीवर चित्र अंकांच्या रूपाने असते. अंकांची नक्कल पातळ होत नाही. शंभरावी प्रत पहिलीसारखीच निघते. म्हणून कंपन्यांनी सिनेमाच्या तबकड्यांना सीएसएस नावाचे गुप्त कुलूप घातले. १९९९ साली जॉन योहान्सन या पंधरा वर्षांच्या नॉर्वेजियन मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ते उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. स्वतः विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहणे हा अपराध ठरला नाही.

या गदारोळात साध्या माणसाचा एक गैरसमज झाला. प्रत काढणे म्हणजेच चोरी, असे त्याला वाटू लागले. येथे आम्ही कामगार चळवळीतला माणूस म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करतो. सिनेमाची चोरटी तबकडी विकणारा दिवे उचलणाऱ्यापासून संकलकापर्यंत सगळ्यांच्या पोटावर पाय देतो. त्याची बाजू आम्ही घेणार नाही. परंतु आपल्या मुलीच्या लग्नाची प्रत काढणारा कोणाचे काय नेतो? घरच्या तबकडीवर ते कुलूप नसतेच. कायदाही त्याच्या बाजूला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन चित्रफीत करवून घेणारा हाच तिचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर. शूटिंगवाल्याला त्याच्या श्रमाचे दाम जरूर द्यावे. प्रतीसाठी त्याची परवानगी मागण्याचे कारण नाही. तिच्यावर चढवलेले सिनेमाचे गाणे मात्र आपले होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

घरी तबकडी करण्याची सोय एकदम आली नाही. १९९७ साली पायोनियर कंपनीच्या पहिल्या डीव्हीडी रायटरची किंमत सुमारे १७,००० डॉलर होती. २००१ साली अ‍ॅपलने रायटर आणि घरच्या चित्रफितींची आज्ञावली संगणकातच बसवून विकायला आणली. पुढे किंमती उतरल्या आणि गल्लीतल्या दुकानातही ‘डीव्हीडी मारून’ मिळू लागली. त्यातच मालकांच्या दोन गटांत भांडण: एकाची वजा चिन्हाची कोरी तबकडी, दुसऱ्याची अधिक चिन्हाची. आपले यंत्र यातली कोणती घेते, हे गिऱ्हाइकाने तपासत बसायचे. बहुतेकांच्या संगणकावर ‘नीरो’ ही जर्मन आज्ञावली असे. रोम जळताना नीरो वाद्य वाजवीत होता या जुन्या कथेवरचा तो विनोद, हे आम्हांला फार उशिरा कळले.

काम चिकाटीचे होते. तासाची फीत संगणकात उतरवायला तासच लागे. मग नको तो भाग कापायचा, चित्र एमपेग-२ या पद्धतीत दाबून बसवायचे, आणि त्यासाठी यंत्र रात्रभर चालू ठेवायचे. तबकडीची जागा ४.७ गिगाबाइट, चांगल्या दर्जाचे चित्र तासभराचे मावे. शेवटी तबकडी ‘फायनलाइज’ करायची. ते विसरले की ती दुसऱ्या यंत्रात उघडत नसे, आणि पुष्कळांनी अशी तबकडी कोरी समजून फेकून दिली. या तबकडीच्या पोटात चित्राच्या फायलींशेजारी एक अनुक्रमणिका असते, आणि त्या अनुक्रमणिकेची एक जादा प्रतही असते. ज्यांनी ही वस्तू घडवली त्यांचा स्वतःचाच एका प्रतीवर विश्वास नव्हता!

आणि तो नसावा हेच बरोबर. कारखान्यातली तबकडी साच्यातून ठसे उमटवून निघते. घरी राइट केलेल्या तबकडीत दोन पातळ चकत्यांमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा पडतात. ऊन, दमट हवा आणि वर्षे या थराला खातात. प्लास्टिक शाबूत दिसते आणि आतला मजकूर जातो.

दुसरीकडे वाचणारी यंत्रेच संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीएचएस यंत्रे करणे थांबवले. सोनीने फेब्रुवारी २०२५ पासून राइट करायच्या ब्लू-रे तबकड्या आणि मिनीडीव्ही फिती बनवणे बंद केले. नव्या लॅपटॉपला तबकडीची खाच बहुधा नसतेच. गिरणी बंद पडली की तिच्या सुट्या भागांचा बाजारही बंद पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. इथेही तेच होणार.

आमच्या तबकडीचे सांगायचे राहिले. एका सभासदाच्या माळ्यावर जुना संगणक होता. त्याच्या रायटरने ती अडखळत वाचली. सारी नाही, भाषणाची पहिली अकरा मिनिटे आली, पुढचे गेले. त्या अकरा मिनिटांच्या आम्ही तीन प्रती काढल्या. एक हार्ड डिस्कवर कचेरीत आहे, एक दुसऱ्या गावच्या शाखेत, आणि एक त्या मुलीकडे. ती ऐकताना मध्येच म्हणाली, “बाबा खाकरून बोलायला लागायचे, ते मी विसरलेच होते.”

पोशाखी इतिहासाला कोणी ना कोणी राखणदार मिळतो. कामगाराचे खाकरणे, आजीची ओवी, चाळीतला गणपती यांना तो मिळत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करायचे आहे. तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर कपाट उघडा, तबकड्या काढा, आणि वाचणारे यंत्र शोधा.