दुरुस्तीच्या मेजावर घडलेला आवाज

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या कोठीघरातील सामानाची यादी करण्याचे काम आम्हा तिघांकडे सोपविण्यात आले. समया, मखराच्या कमानी, नाटकांचे पडदे, हळदीकुंकवाच्या परातींचा ढीग, हे सारे लिहून झाल्यावर कोपऱ्यात सतरंजीखाली झाकलेली एक जड लोखंडी पेटी निघाली. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात वापरलेला तो ध्वनिवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर. तोही त्या वेळी जुनाच विकत घेतलेला. मागची जाळी काढली तेव्हा आत धुळीने माखलेले काचेचे व्हॉल्व्ह दिसले. यादीत त्याच्यापुढे 'भंगार' असा शेरा लिहावा की नाही, यावर आमच्यात मतभेद झाला. प्रस्तुत लेखाचा उगम त्या मतभेदात आहे.

स्मरणिकेच्या पानांवर हा विषय कशासाठी, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या जातीची ही पेटी आहे, त्याच जातीच्या पेट्यांनी अमेरिकेत आणि इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यास संगीताचा एक नवाच आवाज निर्माण केला, आणि तो आवाज घडविणारे लोक मोठे शास्त्रज्ञ नसून बहुतांशी दुरुस्ती करणारे कारागीर होते. हा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रारंभ व्हॉल्व्हपासूनच केला पाहिजे. १९०४ साली जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अग्र घातले. निर्वात काचेच्या नळीत तापलेल्या तंतूपासून विद्युत्कण निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. मध्ये एक बारीक जाळी असते. त्या जाळीवरील विद्युद्दाब किंचित बदलला की पलीकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. कालव्याच्या तोंडाशी बसविलेले दार एका हाताने हलवावे आणि पाण्याच्या मोठ्या लोंढ्यावर हुकमत चालावी, तसाच हा प्रकार. क्षीण आवाज मोठा करण्याची किल्ली माणसाच्या हाती आली ती अशी. रेडिओ, ध्वनिक्षेपक, बोलपट ही सर्व तिचीच अपत्ये. आपल्याकडे १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले, तेही व्हॉल्व्हच्याच रेडिओंतून ऐकले गेले. बटण फिरवावे, पट्टीमागचा दिवा उजळावा आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत घरातल्या सर्वांनी श्वास रोखून थांबावे, हा अनुभव ज्येष्ठ वाचकांना आठवत असेलच.

गिटार हे वाद्य मुळात हळू आवाजाचे. मोठ्या वाद्यवृंदात तुतारीवर्गाच्या वाद्यांपुढे ते ऐकू येईना. म्हणून १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत विजेची गिटार आली, आणि तिच्यासाठी ध्वनिवर्धकही आले. गिटारवादकाला आता दोन वाद्ये सांभाळावी लागू लागली, एक हातातले आणि दुसरे जमिनीवर ठेवलेले. त्यातले दुसरे वारंवार बिघडे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक हिशेबनीस मंदीच्या काळात नोकरी गमावून बसला होता. १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. गावातले वादक आपले बिघडलेले ध्वनिवर्धक त्याच्याकडे आणू लागले. फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती, आणि अखेरपर्यंत आली नाही. परंतु कोणता भाग कोठे तुटतो, कोणता सांधा प्रवासात निखळतो, हे त्याला मेजावर बसल्या बसल्या कळत गेले. पुढे तो स्वतःच ध्वनिवर्धक व गिटार बनवू लागला तेव्हा हे ज्ञान त्याच्या प्रत्येक वस्तूत उतरले. त्याच्या गिटारची मान चिकटविलेली नसे. ती स्क्रूने बसविलेली असे, म्हणजे बिघडली तर सहज बदलता यावी. त्याच्या ध्वनिवर्धकात सारे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले असत आणि पेटीच्या आत कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह याचा कागद चिकटविलेला असे. जुनी फेंडरची पेटी उघडली असता आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर एखाद्या बाईचे नाव लिहिलेले आढळते. ज्या कामकरी स्त्रियांनी तारा जोडून डाख दिला, त्यांनी आपले नाव असे मागे ठेवले आहे. त्यांपैकी अनेकजणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याखेरीज ती नावे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

फेंडरचा 'बासमन' हा ध्वनिवर्धक १९५२ साली खर्जाच्या गिटारीसाठी निघाला. पुढे त्याला दहा इंची चार कर्णे बसविण्यात आले आणि साध्या गिटारवादकांनीच तो उचलून धरला. इंग्लंडात मात्र हा अमेरिकी माल अतिशय महाग पडे. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल या ढोलवादनाच्या शिक्षकाचे वाद्यांचे दुकान होते. दुकानातील दुरुस्तीचे काम केन ब्रॅन पाहत असे. १९६२ साली ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या कोवळ्या वयाच्या तंत्रज्ञाने मिळून बासमनच्या आराखड्यावरून एक ध्वनिवर्धक तयार केला. आराखडा जवळजवळ तोच होता, पण भाग मात्र इंग्लंडात मिळतील ते वापरले होते. व्हॉल्व्ह निराळे, ट्रान्सफॉर्मर निराळे, आणि कर्णे बारा इंची चार, तेही मागून बंद असलेल्या पेटीत. त्यामुळे आवाज वेगळाच निघाला, अधिक रांगडा आणि दाट. नकल करावयास बसलेल्या कारागिरांच्या हातून नकळत नवी वस्तू घडली. १९६६ साली जिमी हेंड्रिक्स लंडनला आला आणि त्याने या पेट्यांचा आवाज जगभर नेला.

येथे एका मुद्द्यावर थोडे थांबणे अगत्याचे आहे. ध्वनिवर्धकावर त्याच्या कुवतीबाहेर भार पडला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. अभियंत्याच्या लेखी हा दोष होय. परंतु व्हॉल्व्हमध्ये हे कापणे हळूहळू, गोलाईने होते, आणि तो भरडा आवाज वादकांच्या मनात भरला. १९५१ साली मेंफिस येथे 'रॉकेट ८८' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा प्रवासात फाटलेल्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागविले होते, असे सांगितले जाते. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिस या तरुणाने तर आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा कर्णा दाढीच्या पात्याने हेतुपुरस्सर चिरला, आणि त्या आवाजाने त्याच्या बंधूने रचलेले गाणे गाजले.

हे वाचून आपल्या वाचकांस नवल वाटण्याचे कारण नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा दुसरे काय करतात? घोडीचा माथा कानसून ते तार अशा रीतीने टेकवितात की ती घोडीला ओझरता स्पर्श करीत राहावी. त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा झंकार जन्मतो. घासणाऱ्या तारेला कोणी दोष म्हणेल, पण तो काढून टाकला तर तंबोरा मुका होईल. जवारी काही काळाने झिजते आणि पुन्हा काढावी लागते. ते काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाची दुरुस्ती करणाऱ्यापुढेही हाच पेच असतो. कोणता बिघाड काढावयाचा आणि कोणता बिघाड हाच त्या वाद्याचा आवाज आहे म्हणून राखावयाचा, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

काढावयाचे बिघाड ठरलेले आहेत. सर्वांत आधी मरतात ते वीजपुरवठ्यातील मोठे कपॅसिटर. वीस-तीस वर्षांत त्यांतील द्रव सुकतो आणि पेटी घुमू लागते. दोन टप्प्यांमधला छोटा कपॅसिटर गळू लागला तर अखेरच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब पोचतो आणि आतला पत्रा तापून लाल होतो. जुने कार्बनचे रोधक चरचरतात. एखाद्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारली असता कर्ण्यातून घंटेसारखा आवाज आला तर तो बदलावा. कर्णा जोडल्याविना पेटी कधीही चालवू नये, अन्यथा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका. शिवाय जुन्या अमेरिकी पेट्यांना दोनच पिनांची वायर असे. ती काढून तीन पिनांची, जमिनीशी जोडलेली वायर बसविणे हे पहिले काम. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या पेट्यांत चारशे व्होल्टच्या आसपास दाब खेळत असतो आणि वायर काढून ठेवल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून राहतो. तो रोधकातून उतरवून व मीटरने तपासून घेतल्याखेरीज आत हात घालणाऱ्याचे प्राण जाऊ शकतात. नवशिक्याने एकट्याने हा खेळ करू नये.

या कलेला उतरती कळा लागण्याचे कारण उघड आहे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत रेडिओ, दूरदर्शन, सारेच त्यावर चालू लागले. फेंडरने १९६५ साली आपली कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. १९७६ साली आर.सी.ए. या बड्या कंपनीने न्यू जर्सीतील हॅरिसन येथील व्हॉल्व्हचा कारखाना बंद केला. मागोमाग इतर पाश्चात्त्य कारखानेही मिटले. गिटारवादकांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. ज्या पेट्या रद्दी म्हणून जात होत्या, त्या दुरुस्त करणारांची एक छोटी पण चिवट जमात निर्माण झाली. १९६९च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को परिसरात रँडल स्मिथ या दुरुस्तीकाराने फेंडरच्या एका लहानग्या पेटीत मोठ्या पेटीचे सामर्थ्य कोंबले, आणि त्यातून 'मेसा बूगी' ही कंपनी उभी राहिली. म्हणजे पुनश्च दुरुस्तीच्या मेजावरच कारखान्याचा जन्म! आज गिटारसाठी लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांतून येतात. २०२२ साली युद्धामुळे रशियातील पुरवठा काही काळ अडला, तेव्हा जगभरच्या दुरुस्तीकारांची तारांबळ उडाली.

आता आपल्या कोठीघराकडे वळू. आपल्या या बंगळूर नगरीत १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि १९६१ पासून तेथे रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. जालहळ्ळीचा हा कारखाना, विमानांचा कारखाना, घड्याळांचा कारखाना, यांच्या नोकऱ्यांनीच आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांना गाव सोडून इकडे आणले. आमच्या पेटीतील दोन व्हॉल्व्हवरची धूळ ओल्या बोटाने पुसली, तेव्हा काचेवर याच कारखान्याची पुसट अक्षरे दिसली. तेथे नोकरी करून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सभासद शेजारीच उभे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या वेळचे आहेत. अजून चालतील."

त्यांच्या देखरेखीखाली पेटी उघडली. कपॅसिटर बदलले, वायर बदलली. मग पेटीच्या वाटेत शंभर वॉटचा दिवा जोडला. आपल्याकडील रेडिओ मेकॅनिकांची ही जुनी युक्ती. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. आजोबांचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून डाख देण्याचे काम त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने केले. त्याने आपली गिटार माइकच्या जागी जोडली आणि एकच तार छेडली. ज्या कर्ण्यातून आजवर आरत्या, नाट्यपदे आणि हरवलेल्या मुलांच्या सूचना ऐकू आल्या, त्यातून एक भरदार, किंचित भरडा स्वर निघाला. आजोबांनी कपाळाला आठी घालून विचारले, "फाटतोय का रे?" नातू म्हणाला, "नाही आजोबा, असाच हवा."

दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, असे आम्हांस वाटते.

चिंता एकाच गोष्टीची आहे. व्हॉल्व्ह मिळतील, कपॅसिटरही मिळतील. पण कोणता आवाज राखावयाचा हे ओळखणारा कान बाजारात मिळत नाही. तो एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसूनच तयार होतो. आजोबांनी आपली वही नातवाकडे दिली आहे. तीत आराखडे आहेत, प्रत्येक टप्प्यावरील दाबाचे आकडे आहेत, आणि समासात मराठीत केलेल्या टिपा आहेत. नातवाला त्यांची मोडी वळणाची अक्षरे नीट लागत नाहीत. म्हणून दर रविवारी सकाळी दोघे मंडळाच्या कार्यालयात बसून ती वही नव्याने लिहून काढीत आहेत. मराठी वाचनाचा याहून चांगला वर्ग मंडळाने आजवर भरविलेला आमच्या तरी स्मरणात नाही. आणखी कोणास बसावयाचे असेल तर जागा आहे.

यादीतील शेरा आम्ही एकमताने बदलला आहे : "ध्वनिवर्धक, व्हॉल्व्हचा, नग १. चालू."