कर्करोग परिचर्येतील परिचारिकांचे कार्यसमाधान

कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना व परिचारकांना आपल्या कामातून मिळणारे समाधान म्हणजे कर्करोग परिचर्येतील कार्यसमाधान होय. रुग्णसेवेचा दर्जा आणि अनुभवी परिचारिकांचे नोकरीत टिकून राहणे या दोन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित असल्यामुळे परिचर्याशास्त्रात या विषयाचा स्वतंत्र अभ्यास केला जातो.

संकल्पना

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये कार्यसमाधानाची व्याख्या स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनातून निर्माण होणारी सुखद भावावस्था अशी केली. त्यापूर्वी १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी द्विघटक सिद्धान्त मांडला होता. त्यानुसार वेतन व कामाची परिस्थिती चांगली असल्यास असमाधान टळते. खरे समाधान मात्र कामाचे स्वरूप, जबाबदारी आणि कामाची दखल यांतून मिळते.

कामाचे स्वरूप

कर्करोगाचे उपचार दीर्घकाळ चालत असल्याने परिचारिकेचा रुग्णाशी व त्याच्या कुटुंबाशी निकटचा संबंध येतो. रसायनोपचाराची औषधे हाताळताना हातमोजे व संरक्षक झगा वापरावा लागतो. काही औषधे शिरेबाहेर झिरपल्यास ऊतींना इजा होते, म्हणून सतत लक्ष ठेवावे लागते. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. अशा ठिकाणी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या रुग्णांना धीर देणे हाही परिचारिकेच्या कामाचा भाग असतो.

असमाधानाची कारणे

अपुरे मनुष्यबळ, रात्रपाळी, रुग्णांचे वारंवार होणारे मृत्यू आणि शोक व्यक्त करण्यास न मिळणारी उसंत ही प्रमुख कारणे होत. यांतून येणारी भावनिक थकावट मोजण्यासाठी क्रिस्टिना मॅस्लाक व सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ सर्वसाधारण रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रकाशित केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की अशा थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी व असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. रुग्णसंख्या वाढली की रुग्णांच्या मृत्यूची शक्यताही वाढते, असेही त्यात दिसले. त्यामुळे हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीपुरता मर्यादित राहत नाही.

समाधानाचे स्रोत

रुग्ण बरा होणे हाच समाधानाचा एकमेव आधार मानल्यास या क्षेत्रात निराशा वारंवार येते. प्रथम परिचारिका व पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदनामुक्ती आणि सन्मानाने येणारा मृत्यू हेही वैद्यकीय सेवेचे उद्दिष्ट आहे, हा विचार त्यामुळे रुजला. रुग्णाची वेदना कमी होणे, नातेवाइकांचा विश्वास लाभणे, सहकाऱ्यांची साथ आणि उपचारविषयक निर्णयांत विचारले जाणे यांतून परिचारिकेला आपल्या कामाची सार्थकता जाणवते.

उपाय

पुरेशी कर्मचारीसंख्या, कर्करोग परिचर्येचे विशेष प्रशिक्षण, समुपदेशनाची सोय आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलण्याची संधी हे कार्यसमाधान वाढवण्याचे प्रमुख उपाय मानले जातात.

हे सुद्धा पहा

कर्करोग, परिचर्या, उपशामक उपचार