दाढेची भीती कुठून आली?

रात्रभर दाढ ठणकते, गाल सुजतो, आणि सकाळी चोपड्याला दवाखान्यात जायचं म्हटलं की आपण म्हणतो, "आता बरं वाटतंय." ही भीती उगाच आलेली नाही, तिला इतिहास आहे.

पणजीच्या काळी खेड्यात दाढ काढायची म्हणजे बाजारातला वैदू नाहीतर न्हावी. डोकं घट्ट धरायचं आणि सांडशीने ओढायचं. बधिर करायला काहीच नाही. ते एकदा पाहिलेली पोर जन्मभर घाबरणारच! मग घरचे उपाय. भुईरिंगणीच्या बियांचा धूर घेतला की दातातले किडे पडतात म्हणायचे. दातात किडे नसतात, पण बाईला धीर यायचा. लवंगेने मात्र खरंच थोडा वेळ बधिर होतं.

सगळ्यात महागात पडली ती मिसरी. ठणका थांबावा म्हणून बोट फिरवलं आणि सवय जडली. दाढ पडून गेली तरी मिसरी सुटली नाही. भाजली तरी ती तंबाखूच, तिच्याने तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नसलं तरी दाखवा.

दुखण्यावर तोड काढली ती दंतवैद्यांनीच. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. आधी स्वतःवर, मग रोग्यावर! आज हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. आणि आपण घाबरतो ते नेमकं त्या सुईलाच.

वरची दाढ काढली की डोळे जातात, हेही आपण ऐकत आलो. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही.

परक्या पुरुषापुढे तोंड उघडायची लाज वाटत असेल, तर बाई डॉक्टर आहे का ते विचारा. फातिमा जिना यांनी मुंबईत दातांचा दवाखाना 1923 मध्येच उघडला होता.

जाताना गटातली एखादी सोबत न्या. बीपी, साखर, दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. भीती वाटते हेही सांगा. खुर्चीत बसल्यावर बोलता येत नाही, म्हणून आधीच ठरवून घ्या: "मी डावा हात वर केला की थांबायचं, डॉक्टर."