इंग्रजीत पास झालात, पण इंग्रजी वाचता येतं का? ते तपासायचं कसं?

नागपूरच्या सक्करदरा भागात पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दोन प्रकारचं इंग्रजी लागतं. एक पेपरापुरतं. दुसरं त्यानंतरचं : संदर्भग्रंथ, नोकरीची जाहिरात, नेमणूक पत्रातल्या अटी, कर्जाचा करार. पहिलं गाईडमधून पाठ करता येतं. दुसऱ्यासाठी आधी कधीही न पाहिलेला मजकूर स्वतः वाचून समजावा लागतो. पहिल्यात पास झालेला दुसऱ्यात अडकू शकतो आणि मार्कलिस्टवर ते दिसत नाही.

अडचण किती मोठी आहे?

‘असर २०२३’ या पाहणीत देशातल्या २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांनी ती वाचली. त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. म्हणजे शंभरातल्या साधारण ४२ जणांना दोन्ही जमलं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवायला २००० साली सुरुवात झाली, तरीही कॉलेजच्या वर्गात वाचनाची पातळी सारखी नसते.

‘वाचता येत नाही’ म्हणजे नेमकं काय?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक सोपं सूत्र मांडलं : वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं.

मराठीत अक्षर दिसलं की उच्चार बहुतेक ठरलेला असतो. इंग्रजीत तसं नाही. ‘टफ’, ‘थ्रू’ आणि ‘कॉफ’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं येतात. त्यामुळे काही विद्यार्थी शब्दाशीच अडखळतात. काही जण घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते सांगू शकत नाहीत. दोघांनाही मार्क कमी पडतात, पण दोघांचं औषध वेगळं आहे.

तपासायचं कसं?

१. मोठ्याने वाचून : शंभर शब्दांचा नवा उतारा घ्या. अमेरिकी अभ्यासक एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये दिलेल्या निकषांनुसार ९५ शब्द बरोबर आले आणि ७५ टक्के प्रश्नांची उत्तरं देता आली, तर तो उतारा शिकण्यासाठी योग्य. ९० पेक्षा कमी शब्द बरोबर आले, तर तो सध्या फार कठीण.

२. गाळलेल्या जागा भरून : पहिलं वाक्य तसंच ठेवा आणि पुढे दर पाचवा शब्द गाळा. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या या चाचणीला ‘क्लोझ’ म्हणतात. मागचापुढचा संदर्भ समजल्याशिवाय जागा भरता येत नाहीत, म्हणून पाठांतर इथे उपयोगी पडत नाही.

३. मराठीशी तुलना करून : तेवढ्याच कठीण मराठी उताऱ्याचा मुख्य मुद्दा विचारा. परकीय भाषेतली वाचनाची अडचण ही वाचनाची की भाषेची, हा प्रश्न चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारला होता. मराठीत मुद्दा सापडतो आणि इंग्रजीत नाही, तर बहुधा शब्दसंग्रह आणि वाक्यरचना कमी पडते. मराठीतही सापडत नसेल, तर आधी मुद्दा शोधायलाच शिकवावं लागेल.

बेट्स यांचे आकडे इंग्रजी भाषक मुलांवरून आलेले आहेत. आपल्याकडे ते अंदाजासाठी वापरावेत, नापास करण्यासाठी नाही.

सुधारायचं कसं?

शब्दांशी अडखळणाऱ्यांनी एकच छोटा उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचावा. आधी एखाद्या चांगल्या वाचणाऱ्याकडून तो ऐकला तर उत्तम.

शब्दांचे अर्थ अडत असतील तर सोपी पुस्तकं भरपूर वाचावीत. कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं असेल तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं पॉल नेशन यांच्या संशोधनात दिसलं. प्रत्येक ओळीत डिक्शनरी उघडावी लागत असेल, तर पुस्तक बदला.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात ढाक्यात बंगाली विद्यार्थ्यांसाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तकं तयार केली. या विद्यार्थ्यांना बोलण्याआधी वाचता येणं जास्त गरजेचं आहे, असं त्यांचं मत होतं.

मुद्दा सापडत नसेल तर प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि एका वाक्यात तो मराठीत सांगा. अर्थ समजला की नाही, हे लगेच कळतं.

दीड-दोन महिन्यांनी तेवढाच कठीण, पण नवा उतारा घेऊन हीच चाचणी पुन्हा करा. जुनाच उतारा घेतलात तर मोजलं जाईल ते पाठांतर.