कोणती साइड घ्यायची?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न फिरू लागतो. मामा विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, लग्नाच्या पंगतीत ओळखीपाळखीचे गृहस्थ भाताचा घास हातात धरून विचारतात, ‘काय रे, कोणती साइड घेणार?’ मुलगा खाली मान घालतो आणि उत्तर त्याचे वडील देतात. साइड म्हणजे बाजू. बाजू घ्यायची म्हटली की दुसरी सोडावी लागते, आणि पंधरा वर्षांच्या पोराला आपण नेमके काय सोडतो आहोत हे बहुधा ठाऊकच नसते.

शाळेत शिकवण्याचाच व्यवसाय असल्याने हा प्रश्न दरसाल माझ्या टेबलापर्यंत येऊन पोचतो. पण आज फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांना मी उपदेश करणार नाही. या प्रश्नाला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या पणजोबांच्या वेळी विषय कोण निवडत होते, आणि त्या निवडीतून कोणाचे काय झाले, एवढेच सांगावे असा बेत आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा वास्तविक होती कॉलेजात शिरण्याची. परंतु सरकारी कचेऱ्यांनी तीच नोकरीची कसोटी मानली, आणि पाहता पाहता ‘मॅट्रिक’ हे माणसाचे विशेषण होऊन बसले. शाळा म्हणजे मॅट्रिकची वाट, आणि मॅट्रिक म्हणजे कचेरीचा किंवा कॉलेजचा दरवाजा. ज्याला यांपैकी कुठेच जायचे नव्हते, त्याच्यासाठी हायस्कुलात काही शिजतच नव्हते.

ही गोष्ट काही जाणत्यांच्या लक्षात फार लवकर आली. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले गेले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य व नीती यांचे धडे प्राथमिक शाळेत असावेत, असे त्यांनी मागितले. शेतकऱ्याच्या पोराने शिकावे, आणि शिकून शेताला परके होऊ नये, असाच त्या मागणीचा रोख दिसतो.

हंटर कमिशननेही आपल्या अहवालात हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन फाटे फोडावेत अशी शिफारस केली. एक फाटा विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापार-उदीम व व्यवहारोपयोगी विषयांकडे नेणारा. आज आपण ज्याला साइड म्हणतो तिचे मूळ येथे सापडते. पण ही दुसरी वाट कधी नीट रुळलीच नाही. कारण सोपे आहे. फाटा कागदावर फुटला, तरी पगार आणि मान पहिल्याच वाटेवर वाटला जात होता. जिच्या शेवटी भाकरी दिसत नाही, त्या वाटेने आईबाप आपले पोर कशाला पाठवतील?

आता ज्यांना हवी ती वाट धरूच दिली गेली नाही, त्यांच्याकडे वळू. त्या काळी हायस्कुलातली मोठी निवड म्हणजे दुसऱ्या भाषेची. संस्कृत घ्यायची की फारसी, हा त्या वेळचा ‘साइड’चा प्रश्न होता. संस्कृतला प्रतिष्ठा होती, आणि मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळत असे. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृतच शिकायची होती. वडील रामजी सुभेदार यांच्यामुळे घरात वाचनाचे वळण होते, मुलाला आवड होती. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला म्हणून त्याला संस्कृत नाकारण्यात आली, आणि तो फारसीच्या वर्गात जाऊन बसला. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृत मिळवली. जे शाळेने वर्गात द्यायचे, ते त्यांना आयुष्यातला मोलाचा वेळ खर्चून घ्यावे लागले. त्यांचे अर्थशास्त्र, त्यांचा कायद्याचा व्यासंग, त्यांची ग्रंथसंपदा पाहून आपण म्हणतो, अडले कुठे काय? पण एका बाबासाहेबांचे अडले नाही म्हणून दरवाजा बंद करणाऱ्याचा दोष कमी होत नाही. ज्यांचे अडले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, एवढेच.

याच परीक्षेत, पाचच वर्षांनी, १९१२ साली चिंतामणराव देशमुख पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. संस्कृतचा असा विद्यार्थी पुढे काय होणार? कोणीही सांगेल, संस्कृतचा प्राध्यापक. चिंतामणराव केंब्रिजला गेले आणि तेथे वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र शिकले. वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले. मग आय.सी.एस. झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० पासून सहा वर्षे देशाचे अर्थमंत्री होते, आणि कालिदासाचे मेघदूतही त्यांनी मराठीत आणले. आता या माणसाची साइड कोणती ते सांगा! दोघेही विलक्षण बुद्धीचे. एकाला हवी ती दारे एकामागून एक उघडत गेली, दुसऱ्याला पहिल्याच दाराशी अडवले. बुद्धी आणि निवड यांच्यामध्ये जन्म उभा होता.

मुलींच्या बाबतीत हा अडसर निराळ्या रूपात आला. पुण्याची हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी, गणित व शास्त्र शिकवावे काय, यावर पुण्याच्या वृत्तपत्रांतून चांगलाच वाद झडला, आणि टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचा कल अशा शिक्षणाच्या विरुद्ध होता. पुढे १९१६ साली अण्णासाहेब कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, तिच्यावरून त्यांना ही दिशा सुचली. मातृभाषेतून शिक्षण हे त्यांचे तत्त्व होते. गृहशास्त्र व आरोग्य यांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले, आणि गणित ऐच्छिक ठेवले. अण्णासाहेब स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे लक्षात घेतले म्हणजे मौज वाटते.

पण हसण्याआधी त्या काळाकडे पाहावे. ज्या घरातून मुलगी शाळेच्या उंबऱ्यापर्यंत येतच नव्हती, तेथून तिला बाहेर काढायचे तर शिक्षण तिच्या आवाक्यातले करणे अण्णासाहेबांना भाग होते. ऐच्छिक विषयाने हजारो मुलींना आत येऊ दिले. मात्र ‘मुलींना गणित कशाला?’ ही घरोघरची समजूतही त्याच सवलतीच्या आडोशाने जगली असावी, असे मला वाटते. साठीच्या दशकाच्या आरंभी हंसाबेन मेहता यांच्या समितीने मुलगा-मुलगी असा अभ्यासक्रमात भेद नको असे स्पष्ट सांगितले. हंसाबेन याच महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या होत्या. ज्या दारातून स्त्रिया आत आल्या, ते दार रुंद करण्याचे काम अशा रीतीने एका स्त्रीनेच केले.

आता एका चुकलेल्या निवडीची गोष्ट, कारण चुकणे हाही या इतिहासाचा भाग आहे. बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा लक्ष्मण किर्लोस्कर हा मुलगा १८८५च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेला. थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी होते. थोड्याच काळाने ध्यानात आले की त्याच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? परंतु रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटने काढण्याचे शिक्षण घेतले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली, नंतर बेळगावात सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. ज्या हाताने चित्रे काढायची होती, त्याने नांगराचा फाळ घडवला. या गोष्टीतले मर्म असे की त्यांची पहिली निवड फसली, तरी शेजारचे दुसरे दार उघडे होते, आणि ‘कुळाला बट्टा लागला’ म्हणून थोरल्या भावाने त्यांना घरी बोलावून घेतले नाही.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न सरकारने नव्याने हाती घेतला. १९५२ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या अहवालात विद्यार्थ्यांपुढे सात वाटा मांडल्या होत्या: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. या सगळ्या एका छपराखाली देणाऱ्या बहुउद्देशीय शाळा काढाव्यात, आणि विद्यार्थ्याला सल्ला देणारे जाणकार शिक्षक तेथे असावेत, अशी ती योजना होती. कल्पना मोठी सुरेख. पण शेती शिकवायची तर जमीन हवी, तंत्र शिकवायचे तर लेथ हवे, आणि दोन्हींना शिक्षक हवेत. सातही वाटा एकत्र देणे फार थोड्या शाळांना झेपले. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या वयातच मुलाला एका खोबणीत बसवले जात होते.

म्हणून डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने १९६६ साली उलट दिशेने तोंड फिरवले. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण, त्यात मुलामुलींना गणित व विज्ञान सक्तीचे, हाताने करण्याच्या कामाचा अनुभव, आणि फाटे फोडायचे ते दहावीनंतर. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जोडलेले. ‘दहा अधिक दोन अधिक तीन’ हा आकृतिबंध सत्तरीच्या दशकात महाराष्ट्रात आला, आणि ‘साइड’चा प्रश्न चौदाव्या वर्षावरून सोळाव्या वर्षावर सरकला. दोन वर्षे म्हणजे थोडी वाटतात. पण ज्याने या वयाची मुले रोज पाहिली आहेत, त्याला विचारा. नववीतला पोर आणि अकरावीतला पोर ही दोन निरनिराळी माणसे असतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर कला व विज्ञान, पुस्तकी व व्यावसायिक यांच्यामध्ये कडक भिंती नकोत असे म्हटले आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु हंटरच्या दुसऱ्या फाट्याचे आणि मुदलियारांच्या सात वाटांचे काय झाले ते पाहिल्यावर वाटते की भिंत कागदावरून पुसली म्हणजे घरातून जाते असे नाही. नव्वद टक्के मिळाले म्हणून विज्ञान, साठ मिळाले म्हणून कला, हा निवाडा कोणत्याही आयोगाने दिलेला नाही. तो आपल्या दिवाणखान्यात होतो. पूर्वी जात आड आली, मग मुलगीपण आड आले, आता गुण आडवे येतात. ज्याची निवड आहे त्याला मात्र कोणी विचारीत नाही, ही जुनी रीत तशीच चालू आहे.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये अकरावीचा अर्ज भरताना आईवडिलांनी एक करावे. हा विषय घेतल्याने काय मिळेल हे तर सगळेच विचारतात. तो सोडल्याने पुढची कोणती दारे बंद होतील, तेही शाळेतल्या मास्तरांना विचारावे. बंद होणारी दारे फार असतील, तर एखादा अवघड विषय आणखी दोन वर्षे सांभाळणे बरे. मुलगा चुकला, तर त्याला परत वळायला वाट आहे ना, हे पाहावे. आणि तो वळलाच तर रामूअण्णांसारखे पाठीशी राहावे. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी पोराला समोर बसवून, बाकीच्यांना चहा करायला पाठवून, एकदा निवांतपणे विचारावे, ‘तुला काय आवडते?’ उत्तर लगेच येणार नाही. थोडा वेळ थांबावे लागेल. तेवढे आपण थांबावे.