न्हंयपल्याडची आजी

आमच्या आजीला गावात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांची ती ‘गोंयकारीण’. आरोंद्याला खाडीवर उभं राहिलं की तेरेखोल नदीच्या पलीकडं दिसतं ते किरणपाणी, तिथली ती. माहेर डोळ्यांसमोर. पण १९४९ साली लग्न होऊन होडीतून अलीकडं आली, तेव्हा तिनं चक्क देश बदलला होता. पलीकडं पोर्तुगीजांचं राज्य, अलीकडं इंग्रज जाऊन दोन वर्षं झालेली.

पेडणं मूळचं सावंतवाडीकर भोसल्यांचं. अठराव्या शतकाच्या शेवटी ते पोर्तुगीजांकडं गेलं. तोवर दोन्ही काठांवरच्या सोयरिकी, देव, बोली एकमेकांत इतक्या गुंतल्या होत्या की सरहद्द फक्त जकातवाल्यांना दिसायची. पेडण्याच्या पुनवेला इकडची माणसं होड्या भरून जायची. आजीची बोली तेवढी जरा वेगळी. ती खिडकीला ‘जनेल’ म्हणायची, खुर्चीला ‘कदेल’, चमच्याला ‘कुलेर’. सासूबाई सुरुवातीला हसल्या, मग त्याही जनेल लावून घ्यायला सांगू लागल्या. येताना तिनं पदराला हरमलच्या मिरचीचं बी बांधून आणलं होतं. आमच्या परसात ती मिरची अजून लावतात.

पहिली पाच-सहा वर्षं ती चवथीला, पुनवेला माहेरी जाऊन यायची. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही गोव्यात शिरले. पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारत सरकारनं सरहद्द बंद केली, व्यापार रोखला. पुस्तकांत गोव्याचा लढा येतो, आणि यायलाच हवा. पण नाकेबंदीचा भार काठावरच्या बायकांनी कसा सोसला, ते मी कुठं वाचलेलं नाही. पोर्तुगीजांनी हॉलंडहून बटाटे आणले आणि दिवस काढले. माहेर कुठून आणणार?

“न्हंय तीच, उदक तेंच, मागीर पास कित्याक?” असं ती आजोबांना विचारायची. आजोबांकडं उत्तर नव्हतं. रात्री होड्या जायच्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या मालाच्या. पोटाशी पोर असलेल्या बाईला त्यात कोण घेणार? दोन्हीकडून बंदुका होत्या.

१९५७ च्या पावसाळ्यात तिची आई गेली. निरोप आला तो मासे मारणाऱ्या एकाकडून, तोही दुसऱ्या दिवशी. आजी भर पावसात नदीवर गेली. पलीकडं काही दिसत नव्हतं. तिथंच तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि लेकीचं तीन दिवसांचं सुतक इकडं पाळलं. हे मला तिनं सांगितलेलं नाही, माझ्या आत्येनं सांगितलं. आजी त्या दिवसाबद्दल कधीच बोलली नाही. विषय निघाला की चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारायची.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याच आठवड्यात ती दोन पोरं घेऊन होडीत बसली. मधल्या काळात भावाचं लग्न झालं होतं. घरात परकी बाई. तिनं दारातच विचारलं, “कोण जाय गे?” आपल्याच घरात आपण कोण ते सांगावं लागलं, एवढं मात्र आजी हसत हसत सांगायची. भाऊ शेतातून येईपर्यंत ती पडवीत पाहुण्यासारखी बसून राहिली म्हणे.

पुढं खूप वर्षांनी आमच्या चुलतभावाला कळलं की, मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. पेडण्याचे कितीतरी तरुण त्या कागदावर इंग्लंडात गेलेत. त्यानं आजीला विचारलं. तिचं म्हणणं एकच, “आनी शेत कोण करतलो?” पण आडवी आली नाही.

त्यानं पेडण्याला खेपा घालून तिच्या जन्माची नोंद शोधून काढली. सगळं पोर्तुगीजमध्ये. त्यात आजीच्या आईचं नाव होतं. तोवर ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात तिला नुसती ‘न्हंयपल्याडची आये’ म्हणायचे. चुलतभाऊ आता इंग्लंडात असतो.