उचलून नेता येणारा डोंगर

श्रोतेहो, डोंगर कधी जागचा हलत नाही, असे आपण सगळेच मानतो. पण आज मी आपल्याला अशा एका डोंगराची हकिगत सांगणार आहे, जो काही दिवस एका गावी उभा राहतो, मग त्याचे तुकडे होतात, ते मालमोटारींवर चढतात, आणि पुढच्या गावी तोच डोंगर पुन्हा उभा राहतो. हा डोंगर दगडमातीचा नव्हे बरं का, रुळांचा आहे. उंचावरून गाडी सोडून द्यायची. ती आपल्याच वजनाने चढउतार आणि वळणे घेत खाली येते, आणि आत बसलेल्यांच्या पोटात गोळा उठतो. याला रोलर कोस्टर म्हणतात.

ही करमणूक मूळची रशियातली. तिथल्या कडक हिवाळ्यात लोक लाकडाची उंच चौकट उभारीत, तिच्या उतारावर पाणी ओतून बर्फ गोठू देत, आणि त्यावरून घसरत खाली येत. १८१७ साली हाच खेळ पॅरिसला चाकांच्या गाड्यांवर सुरू झाला. फ्रेंच लोक त्याला अजून ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि गंमत पहा, खुद्द रशियन लोक मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात!

अमेरिकेचे नाव का आले? तर १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने अशी रुळगाडी उभी केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे आपली छकड्याची बैलजोडीही तिला हरवील! तरीही लोकांची रीघ लागली. पुढे जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने रुळाच्या खालच्या अंगालाही चाके बसविली आणि १९१९ साली तिचे पेटंट घेतले. गाडी उडू लागली की ही खालची चाके तिला धरून ठेवतात. त्यामुळे मोठे उतार आणि जास्त वेग शक्य झाला.

पण हे सारे डोंगर एका जागी रोवलेले. लाकडाच्या शेकडो खांबांचे ते जंगल उठवून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे घर मोडून पुन्हा बांधण्यासारखेच. जर्मनीत मात्र जत्रा गावोगाव भरतात. म्युनिक शहरातला ऑक्टोबर उत्सव तर १८१० सालापासूनचा. तिथले खेळवाले गाड्यांतून फिरणारे. त्यांना फिरता डोंगर हवा होता, आणि तो करून दिला कुणी? गाड्या बांधणाऱ्यांनी!

वाल्डकिर्श गावचे माक हे घराणे १७८० पासून गाड्या बांधणारे. खेळवाल्यांच्या गाड्या बांधता बांधता त्यांनी १९२१ साली लाकडी रोलर कोस्टर बांधली. दुसरे नाव आंटोन श्वार्त्सकोप्फ यांचे. हे बव्हेरिया प्रांतातल्या म्युन्स्टरहाउझेनचे. जन्म १९२४. हेही वाहने बांधण्याच्या धंद्यातले. १९५७ साली त्यांनी आपली पहिली पोलादी रोलर कोस्टर जत्रेत आणली.

गाडी बांधणाऱ्याचा हात यात कसा दिसतो, ते पहा. रूळ आणि खांब यांचे तुकडे मालमोटारीवर मावतील एवढेच करायचे. एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा तो खिळी आणि बोल्ट यांनी, म्हणजे सोडवायला वेळ लागत नाही. पाया खणायचा नाही. जमिनीवर पोलादी तुळयांची बैठक मांडायची, आणि जमीन उंचसखल असेल तिथे खाली लाकडी ठोकळे सरकवून ती समपातळीत आणायची. जागा वाचावी म्हणून १९७० नंतरच्या ‘जम्बो जेट’ नावाच्या रचनेत वर ओढणारी लांब साखळीही काढून टाकली. डब्यांना विजेची मोटार दिली आणि गाडी स्वतःच गोल जिन्यासारखी फिरत वर चढू लागली.

मग आली वर्तुळाची गोष्ट. गाडी पूर्ण उलटी करून पुन्हा सुलटी आणायची, ही हौस जुनी. कोनी आयलंडला १८९५ साली तसा प्रयोग झाला होता. पण ते कडे बांगडीसारखे अगदी गोल होते, आणि बसणाऱ्यांच्या मानेला जबर हिसका बसे. शिक्षकबंधूंनी वर्गात हे अवश्य सांगावे. पाण्याने भरलेली बादली गरगर फिरविली तर पाणी सांडत नाही, कारण वेग पुरेसा असतो. पण गोल कड्यात माथ्यावर जेमतेम पुरेल एवढा वेग राखायचा, तरी तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो, असे गणित सांगते.

यावर तोड काढली व्हेर्नर श्टेंगेल या इंजिनिअराने. १९३६ साली जन्मलेले श्टेंगेल १९६० नंतर श्वार्त्सकोप्फ यांच्यासाठी गणिते करू लागले. त्यांनी कडे उलट्या थेंबासारखे केले. खाली पसरट, वर निमुळते. वेग जास्त तिथे वळण मोठे, वेग कमी तिथे वळण लहान. मग भार हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात हे कडे प्रथम उभे राहिले, आणि थोड्याच वर्षांत फिरत्या डोंगरांवरही आले. १९८९ सालच्या म्युनिकच्या उत्सवात ‘ऑलिंपिया लूपिंग’ आली. तिला ऑलिंपिकच्या पाच रंगांची पाच कडी, साडेबत्तीस मीटर उंची, आणि सुमारे साडेबाराशे मीटर रूळ. आणि हे सारे उचलून नेता येणारे!

आता मुद्द्याची गोष्ट. असल्या डोंगराला जर्मन कायद्यात नाव आहे, ‘उडती बांधकामे’. प्रत्येकाबरोबर एक तपासणीची वही फिरते. नव्या गावी उभारणी झाली की आधी तपासणी, तिची वहीत नोंद, आणि मगच लोकांना आत प्रवेश. म्हणजे मोडणे आणि जोडणे हा नुसता त्रास नाही. प्रत्येक खीळ दर वेळी कुणाच्या तरी हातून जाते, डोळ्यांखालून जाते.

ही गोष्ट किती मोलाची, ते एका दुर्दैवी घटनेने दिसले. १९८४ साली श्वार्त्सकोप्फ यांनी तीन कड्यांची एक फिरती रोलर कोस्टर बांधली. ती जर्मनीच्या जत्रा फिरली. मग विकली जाऊन मलेशियात गेली, इंग्लंडात गेली, आणि शेवटी मेक्सिको शहरातल्या एका उद्यानात कायमची उभी राहिली. २८ सप्टेंबर २०१९ रोजी तिचा शेवटचा डबा रुळांवरून सुटला आणि दोन माणसे प्राणांस मुकली. देखभाल नीट झाली नव्हती, असे तपासात पुढे आले. रचना तीच, गणित तेच. पण फिरणे थांबले तेव्हा मोडण्या-जोडण्यात आपोआप होणारी तपासणीही थांबली. एका जागी उभ्या असलेल्या यंत्राला ती आठवणीने करावी लागते.

श्रोतेहो, श्वार्त्सकोप्फ २००१ साली निवर्तले, पण त्यांचे कित्येक डोंगर अजून धावताहेत. ते धावतात ते पोलादाच्या जोरावर खरेच. पण त्याहून अधिक, सकाळी दार उघडण्यापूर्वी हातात हातोडी घेऊन रुळाच्या कडेने चालत जाणाऱ्या माणसाच्या जोरावर. मग ते यंत्र जत्रेतले असो, गिरणीतले असो की विहिरीवरचे. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. माणसांचे जीव मात्र रोज खीळ तपासणाऱ्याच्या हाती असतात.